मागच्या अंगणातला झिनफँडेल

आमच्या वाशिमकडच्या मालेगावात द्राक्षं होत नाहीत. सोयाबीन होतं, तूर होते, कुणाकुणाची संत्र्याची बाग आहे. द्राक्षं मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर खोक्यांत भरून नाशिककडून येतात आणि बसस्टँडसमोरच्या हातगाड्यांवर विकली जातात. म्हणून मी नागपूरकडे जाणाऱ्या बसमधून, मांडीवर द्राक्षाची दोन कलमं धरून, मालेगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा न्यायला आलेल्या बाबांनी आधी माझ्याकडे नाही, त्या काळ्या पिशव्यांकडे पाहिलं.

"हे काय आणलं वं?"

"द्राक्षाचे वेल आहेत, बाबा."

"अथी येते काय अंगूर?"

"पाहू."

त्यांनी एक पिशवी माझ्या हातातून घेतली, दुसऱ्या हातात बॅग घेतली आणि पुढे चालू लागले. नोकरी सोडून कायमची घरी आलेल्या चाळिशी ओलांडलेल्या मुलीशी बापानं काय बोलावं, हे त्यांना सुचत नव्हतं. मलाही सुचत नव्हतं. कोणत्या जातीचा वेल, कुठून आणला, का आणला, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आई आदल्या पावसाळ्यात गेली होती. भाऊ पुण्याला, त्याचा संसार तिथला. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. अकोला, वाशिम, कारंजा या रस्त्यांवर त्यांचं सगळं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर आई होती तोवर घरात आवाज असायचा. ती गेल्यावर त्यांनी रेडिओसुद्धा लावणं सोडलं, असं शेजारच्या काकूंनी मला फोनवर सांगितलं होतं. त्याच सुमाराला माझ्या कंपनीनं झिनफँडेल या वाइनच्या द्राक्षाचा प्लॉट उपटायचं ठरवलं.

मी नाशिककडच्या एका वायनरीत, म्हणजे द्राक्षापासून वाइन करणाऱ्या कारखान्यात, प्रयोगशाळा सांभाळायचे. अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, जाहिरात पाहून अर्ज केला आणि तिथंच राहिले. काम मापाचं होतं. रस किती गोड, किती आंबट, यीस्ट जिवंत आहे की थकलंय, टाकीचं तापमान किती, हे तपासत राहायचं. आमच्याकडे बऱ्याच जातींची द्राक्षं होती, पण माझा जीव अडकला तो या एकाच द्राक्षात.

झिनफँडेल हे अडेलतट्टू पीक. एकाच घडात एक मणी हिरवा, शेजारचा गुलाबी, त्याच्या पलीकडचा काळाभोर आणि त्याच्याही पलीकडचा उन्हात सुकून बेदाणा झालेला. तोडणी कधी करायची? हिरव्यासाठी थांबावं तर काळ्याचा बेदाणा होतो. काळ्यासाठी घाई करावी तर हिरवा आंबटपणा रसात उतरतो. आज माप घ्यावं आणि रस टाकीत गेल्यावर उद्या गोडी वाढलेली निघावी, कारण ते बेदाणे रसात भिजून आपली साखर हळूहळू सोडत राहतात. आमच्या वाइनमेकरांना त्याचा राग यायचा. मला यायचा नाही. त्या टाकीवर वाकलं की जांभळाचा वास यायचा, मागून काकवीचा, आणि अगदी शेवटी, नाकाच्या टोकाशी, ताज्या कुटलेल्या मिऱ्याचा. दुसऱ्या कुठल्या द्राक्षात मला तो सापडला नाही.

या द्राक्षाची गोष्टही वाइनमेकरांनीच मला सांगितली होती. ते वयानं मोठे, कमी बोलणारे, पण पाऊस लागून राहिला आणि काम नसलं की सांगायचे. अमेरिकेनं हे द्राक्ष आपलं मानलं; कॅलिफोर्नियात शंभर वर्षांहून जुने त्याचे वेल अजून उभे आहेत. पण मुळात ते तिथलं नाही. एकोणिसाव्या शतकात कुणीतरी युरोपातून काड्या आणल्या. आधी पूर्व किनाऱ्यावरच्या हौशी लोकांनी ते काचेच्या घरात, नुसतं खाण्यासाठी लावलं. पुढे सोनं शोधायला माणसं पश्चिमेला धावली, त्यांच्या मागोमाग काड्या गेल्या, आणि तिथल्या उन्हात ते असं फोफावलं की खाणीतल्या लोकांची रोजची वाइन झालं. मग दारूबंदी आली. बागा मोडल्या. तरी घरच्या घरी वाइन करणारी माणसं हेच द्राक्ष मागत राहिली म्हणून काही बागा वाचल्या. त्याचं नाव कुठून आलं, हे आजही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली तेव्हा इटलीच्या दक्षिण टोकाला भलत्याच नावानं वाढणारं द्राक्ष हेच निघालं, आणि नंतर क्रोएशियाच्या समुद्रकाठी, तिसऱ्याच नावाखाली, एका जुन्या बागेत त्याचे मोजके वेल सापडले. तिथल्या लोकांनाही ते काय आहे हे ठाऊक नव्हतं.

मी ही गोष्ट कुणाला सांगणार होते? कामावरची माणसं संध्याकाळी आपापल्या घरी जायची. मी बागेजवळच्या गावात एका खोलीत राहायचे. चव घ्यायची आणि थुंकून टाकायची हे आमचं काम, त्यामुळे खोलीवर आले तरी तोंडात तो तुरटपणा असायचा आणि त्याबद्दल बोलायला समोर कुणी नसायचं. आईचा रोज फोन यायचा. "जेवली काय?" ती विचारायची. "हो." "काय केलतं?" मी भाजीचं नाव सांगायचे. कामाचं ती कधी विचारायची नाही. सुटीत घरी आले की माझे कपडे मात्र वेगळे भिजवायची, दोनदा धुवायची. वाइन मुरवायच्या तळघराचा वास कापडात बसतो, मला तो कळायचाही बंद झाला होता.

बाबांनी गावात सांगितलं होतं की पोरगी फळांच्या रसाच्या कंपनीत आहे. त्यांचं कारण मला माहीत होतं. त्यांच्या थोरल्या भावाला हातभट्टीनं नेलं होतं, ऐन तिशीत. तेव्हापासून आमच्या घरात त्या वस्तूचं नावही निघत नसे. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून पाच शिलं घरात पाळली जात होती, पण भावाच्या मरणानंतर पाचवं शील, नशेच्या वस्तूंपासून दूर राहायचं, बाबांनी हाडात मुरवलं. चहापलीकडे त्यांनी आयुष्यात काही घेतलं नाही. रविवारी विहारात वंदना असायची. मी घरी असले की त्यांच्या शेजारी बसून म्हणायचे. पहिली चार शिलं मोठ्यानं. पाचवं आलं की माझे ओठ मिटायचे. मी काही पीत नव्हते, तरी ते शब्द माझ्या तोंडून यावेत असं मला वाटायचं नाही. चार ओळी म्हणून पाचव्या ओळीला गप्प बसलेली बाई किती एकटी असते, हे त्या हॉलमध्ये मला दर वेळी कळायचं.

एक स्थळ आलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, मला आवडलाही होता. मी त्याला आधीच खरं काय ते सांगितलं. तो हसला, म्हणाला, "त्यात काय!" आठवड्याभरात त्याच्या आईचा निरोप आला की पत्रिका वगैरे आम्ही पाहत नाही, पण जमणार नाही. त्यानंतर बाबांनी विषय काढला नाही. मीही नाही.

तर प्लॉट उपटला गेला. लोकांना हे नाव घेता येत नाही, बाटली खपत नाही, असं वरून आलं. जेसीबीनं ओळी उचकटल्या तेव्हा मी बाजूला उभी होते. रोपवाटिकेत काही कलमं पडून होती, रानटी अमेरिकन खुंटावर झिनफँडेलचा डोळा बांधलेली. मी वाइनमेकरांना विचारलं, त्यांनी मान हलवली. दोन घेतली. त्याच महिन्यात राजीनामा दिला.

मालेगावात आल्यावर कॉलेजात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवायला लागले. सकाळी तास, दुपारपासून घर. घरात आम्ही दोघं, आणि दोघांनाही बोलायची सवय नव्हती. ते पुढच्या खोलीत, मी मागे. जेवायला समोरासमोर बसलो की ताटाकडे पाहायचो.

कलमं मी मागच्या अंगणात, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ लावली. एक पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. दुसरं तगलं. तगलं ते बाबांमुळे. मी कॉलेजातून आले की आळं ओलं दिसायचं. मग एके दिवशी त्यांनी भंगारवाल्याकडून लोखंडी पाइप आणले, खड्डे खणले, तार ताणली आणि एक मांडव उभा केला. जुना ड्रायव्हर, गाडी जुनी असो की नवी, ती चाललीच पाहिजे, असा त्यांचा हिशेब.

"तार अजून ताणू काय?" त्यांनी खालून विचारलं. मी स्टुलावर उभी राहून फांदी बांधत होते.

"थोडी. इकडून."

"अशी?"

"हां, बस."

अशा बोलण्यात आमचा तो हिवाळा गेला. आता आठवतं, तेव्हा मला बरं वाटायचं. वेल नसता तर तेवढंही बोलणं झालं नसतं.

शेजारच्या काकूंचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. मोठी शेती, नवरा वारलेला, शेत मक्त्यानं दिलेलं, एकुलता मुलगा कॅलिफोर्नियात. त्या पाटलाच्या घरातल्या. आईशी त्यांचं भिंतीवरून मैत्र होतं. आई गेल्यावर त्या भिंतीपाशी येऊन उभ्या राहायच्या आणि मी दिसले की बोलायच्या. मुलगा वर्षातून एकदा येतो, नातू मराठी बोलत नाही, एवढ्या मोठ्या घरात संध्याकाळी दिवे लावायचा कंटाळा येतो, हे त्या मला पुनःपुन्हा सांगायच्या. मी ऐकायचे. मला वाटतं त्यांना उत्तर नको असायचं.

तिसऱ्या वर्षी वेलाला फळ धरलं. ऑक्टोबरात मी छाटणी केली, डोळे फुटले, पानांवर भुरीचा रोग आला, औषध फवारलं, आणि माघ संपता संपता मांडवाखाली घड लोंबायला लागले. फार नव्हते. घट्ट, बारीक मण्यांचे, आणि अगदी जसे असायला हवेत तसे: एकाच घडात हिरवे, लाल, काळे, सुकलेले. मी त्यांच्याखाली उभी राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा मागे उभे होते. त्यांना वाटलं पीक बिघडलं.

"रोग पडला काय?"

"नाही. असंच असतं हे."

त्यांनी एक काळा मणी तोडून तोंडात टाकला. चावले. बी थुंकली. "बाप्पा!" ते म्हणाले. "साखर हाय का काय!" मग एक बेदाणा झालेला खाल्ला, मग अजून एक. आई गेल्यापासून त्यांना इतक्या आवडीनं काही खाताना मी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी चहाआधी मांडवाखाली जाऊन एक घड खाऊन यायचे. जीभ जांभळी व्हायची.

त्यांनीच काकूंना बोलावलं. भिंतीवरून हाक मारली, "या ना वैनी, अंगूर खायले." काकू आल्या, मांडवाखाली ठेवलेल्या खुर्चीवर बसल्या, बाबांनी त्यांच्या हातात एक घड दिला. काकूंनी तो उलटासुलटा केला, मणी दाबून पाहिला, खाल्ला, बी हातावर घेतली.

"भाऊ, हे कुठून आणले?"

"पोरीनं आणले. तिकडून."

"माह्या पोराच्या गावाजवळ असेच हायेत," काकू सहज म्हणाल्या. "त्यानं नेलतं मले दाखवाले. शंभर वर्साचे झाड, बुटके, वाकलेले, मांडव ना तार, म्हाताऱ्या माणसावानी उभे. हे खायाचे नाहीत, भाऊ. हे दारूचे अंगूर हायेत. त्याईचं नाव तं काही झिन... का काय."

काकूंना आपण काय बोललो ते लगेच कळलं, बाबांकडे पाहून त्यांचा चेहरा उतरला. बाबांच्या हातात अर्धा खाल्लेला घड होता. तो त्यांनी खुर्चीच्या दांडीवर अलगद ठेवला, नळाखाली हात धुतले, चूळ भरली आणि आत गेले.

नंतरचे दिवस फार वाईट होते. त्यांनी रागावून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते मागच्या दारानं अंगणात यायचेच थांबले. आळं कोरडं पडलं. मी पाणी घातलं. साळुंक्या घडांवर तुटून पडल्या, त्यांना हाकलायला ते उठले नाहीत. जेवताना मी काही विचारलं तर "हाव," "नाई," एवढंच. मी रात्री अंथरुणात पडून विचार करायचे की पुण्याला भावाकडे जावं, की पुन्हा नाशिककडे कुठं काम शोधावं. मग वाटायचं, जाऊन करायचं काय, तिथंही खोलीच आहे.

एका रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच मला हाक मारली. मी मागे आले तर ते मांडवाखाली, त्याच खुर्चीवर बसले होते.

"बस," ते म्हणाले. मी पायरीवर बसले.

"तू तथी काय करत होती? खरं सांग. गिलासात भरून देत होती काय लोकायले?"

इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र होतं. मुलगी ट्रे घेऊन उभी आहे आणि पुरुष पीत आहेत.

"नाही, बाबा," मी म्हणाले. "मी मापं घ्यायचे."

"कायचे मापं?"

मी आत जाऊन माझं गोडी मोजायचं यंत्र आणलं. छोटी दुर्बीण असते तसं ते असतं. त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून पाहायचं. मी एक काळा मणी पिळला, थेंब टाकला आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांचा उजवा डोळा चांगला झाला होता. त्यांनी तो लावला आणि तोंड उन्हाकडे केलं.

"निळं दिसते वरून. खालून पांढरं."

"ती दोन्हींच्या मधली रेघ कुठं आहे, तेवढी साखर."

त्यांनी रेघ वाचली. मग मला हिरवा मणी पिळायला सांगितला आणि तोही पाहिला. मग बेदाणा. तीन मणी, एकाच घडातले, आणि रेघ तीन ठिकाणी. ते पुन्हा पुन्हा यंत्र डोळ्याला लावत राहिले.

"मंग तोडाचं कवा, हे कसं समजते?"

"तेच तर माझं काम होतं."

"अन् तोडल्यावर?"

मी सांगितलं. रस टाकीत जातो, यीस्ट साखर खातं, टाकी तापते. फार तापली तर वाया जाते, थंड पडली तर काम अर्ध्यात थांबतं. ती चढत असते तेव्हा कुणीतरी जवळ लागतं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच म्हणाले, "घाटात गाडीचं इंजिन पाहा लागते तसं." मी म्हटलं, हो, तसंच. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडी सैल रेषा आली.

"तू पेत होती?"

"चव घ्यायचे. थुंकून टाकायचे."

"विहारात पाचवं शील आलं का तू गप राह्यची," ते म्हणाले. "मले आयकू येत होतं. माह्या बाजूलेच तं बसत होती. मी समजलो का पेऊन राह्यली पोरगी."

"मग विचारलं का नाही?"

त्यांनी वेलाकडे पाहिलं. "हो म्हणली असती तं मंग मी काय केलं असतं?"

मग मी त्यांना त्या द्राक्षाची गोष्ट सांगितली. काचेची घरं, सोन्याच्या मागे धावलेली माणसं, दारूबंदी, तीन देशांतली तीन नावं. त्यांना दारूबंदीचा भाग आवडला. "बरं केलतं," ते म्हणाले. मी म्हटलं, पण ती टिकली नाही. "कुठीच टिकत नाई," ते म्हणाले, आणि मग, "पण याच्यात अंगुराचा काय दोष? याले काचंच्या घरात खायसाठीच लावलं होतं म्हणती ना तू?"

"हो."

"मंग आपण खाऊ." यंत्र माझ्या हातात परत देत म्हणाले, "या घरात ते दुसरं नको करू कवा."

"नाही करणार."

त्याच रविवारी त्यांनी उरलेले चांगले घड तोडायला लावले, धुतले, स्टीलच्या डब्यात भरले आणि विहारात घेऊन गेले. मी बरोबर होते. वंदना झाल्यावर त्यांनी डबा उघडून फिरवला. कुणीतरी विचारलं, "कुठले अंगूर, दादा?" मला वाटलं ते म्हणतील घरचे. ते म्हणाले, "माह्या लेकीनं लावले. अमेरिकेचे हायेत. तिकडं याची दारू करतात. माही लेक त्याच कारखान्यात मोठी साहेब होती. पण आमी खाऊन राह्यलो." काही जण हसले. दोघातिघांनी हात मागे घेतले. एका बाईनं विचारलं, चढतात काय? "खाऊन पाह्य," बाबा म्हणाले. डबा पूर्ण रिकामा झाला नाही. उरलेले आम्ही दोघांनी घरी येताना रस्त्यात खाल्ले. त्या वाटेवर ते काही बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही, पण ती शांतता मला टोचली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी आंघोळ करून आले आणि उजवा हात उचलेना. अकोल्याला नेलं. काही दिवसांनी घरी आणलं, पण बोलणं परत आलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसून काय काय सांगायचे. कॉलेजातलं, वेलाला किती पानं आली ते, रस्त्यावर कुठली नवी गाडी आली ते. ते डावा हात हलवायचे. एका दुपारी तो हात हलला नाही. भाऊ आला, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, गाव जेवून गेलं. भाऊ म्हणाला, "इथं एकटी काय करणार? पुण्याला चल." त्याच्या बायकोनंही आग्रह केला, मनापासून केला. मी म्हटलं, कॉलेजचं वर्ष संपू दे. वर्ष संपल्यावर त्यानं परत विचारलं, मी परत काहीतरी सांगितलं. आता तो विचारत नाही.

त्या ऑक्टोबरात मी छाटणी केली नाही. कात्री हातात घेऊन मांडवाखाली गेले आणि परत आले. न छाटलेला वेल नुसत्या पानांत वाढतो. मांडवावरून उतरून तो भिंतीवर गेला, काकूंच्या अंगणात उतरला. घड आले ते थोडे, भुरीनं खाल्लेले. ते मी तोडलेही नाहीत. साळुंक्यांनी संपवले. मी स्वयंपाक एका वेळचा करायला लागले. संध्याकाळी पुढच्या खोलीत दिवा लावायचा की नाही, असा प्रश्न मलाही पडू लागला, तेव्हा काकू काय म्हणायच्या ते मला समजलं.

काकूंचंही ठरलं. गुडघे चालेनात, मुलानं कायमचं बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी त्या भिंतीपाशी आल्या. आता मधे वेल होता, त्याची पानं बाजूला करून त्यांना बोलावं लागलं.

"मी त्या दिवशी नसती बोलली तं बरं झालं असतं, बाई," त्या म्हणाल्या. "तुह्या बाबाचं तोंड मले दिसते अजून."

"नाही काकू. तुम्ही बोललात म्हणून आम्ही बोललो."

त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. त्यांनी डोळे पुसले. "घरावर लक्ष ठेव," म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्यांच्या घराला कुलूप लागलं. माझ्या दोन्ही बाजूंना आता कुणी नाही. एकीकडे काकूंचं बंद घर, दुसरीकडे रिकामा प्लॉट, त्यात गाजरगवत.

गेल्या भादव्यात, सकाळी मी कॉलेजला निघायच्या तयारीत असताना काकूंचा व्हिडिओ कॉल आला. आमच्याकडे सात वाजत आले होते, त्यांच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. त्यांच्या मागे आभाळ पिवळं झालेलं, वारा फोनमध्ये घोंघावत होता.

"पाह्य, कुठी आली मी," त्या म्हणाल्या. "पोराले म्हटलं ने मले. त्याले टाइम नव्हता, सून घेऊन आली." आणि त्यांनी फोन फिरवला.

मी ज्या द्राक्षापाशी नोकरीची सगळी वर्षं काढली त्याचे म्हातारे वेल मी कधी पाहिले नव्हते. फोटोत पाहिले होते, पण फोटो स्थिर असतो. इथं वाऱ्यानं पानं हलत होती. जाड, काळी, पिळलेली खोडं, माणसाच्या कमरेएवढी, ओळीनं, कशाच्याही आधाराशिवाय उभी. त्यांच्या खाली वाळू, आणि पानांच्या आत तेच घड, हिरवे, लाल, काळे, सुकलेले. मी उभी होते ती खुर्चीवर बसले.

"काकू, फोन जरा खाली धरा. खोडापाशी."

त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्यामुळे जमेना, तेव्हा सुनेनं फोन घेतला. साल सुटलेली, आत लालसर. सुनेला मी कोण हे ठाऊक नसावं. तिनं इंग्रजीत काहीतरी विचारलं, काकूंनी मराठीत उत्तर दिलं, दोघी हसल्या.

"खाऊ काय एक?" काकूंनी विचारलं. "कोणी पाहून नाई राह्यलं."

"खा."

त्यांनी मणी तोंडात टाकला. मी त्यांच्या जबड्याकडे पाहत होते.

"कसा आहे?"

"गोड हाय." त्यांनी विचार केला. "पण आपला जरासा आंबट होता. तो बरा होता." मग आवाज खाली करून म्हणाल्या, "अथी दिवसभर कोणी बोलत नाही वं माह्यासंग. सारे कामावर. तुह्याकडं कसं हाय?"

"असंच आहे, काकू."

"हाव," त्या म्हणाल्या. "मी उद्या करीन फोन. याच वेळी."

मागून सुनेचा आवाज आला, गाडीकडे चला असं काहीतरी. चित्र हललं, त्यांच्या बुटांवर गेलं, आभाळावर गेलं आणि बंद झालं. मी चहाचा कप विसळला. कॉलेजात पहिला तास होता, वनस्पतींच्या मुळांवरचा. मी दार ओढलं, काकूंच्या घराचं कुलूप नीट आहे का ते पाहिलं आणि स्टँडपलीकडच्या कॉलेजकडे चालायला लागले.